पाटील घरी गेल्यावर काय करतो

६ जानेवारी, सोमवार

कादंबरी लिहायला घेतली आहे हे कोणाला सांगायची सोय नाही, म्हणून ही वेगळी वही. शिरगावातली सेहेचाळीस वर्षांची धागे कापणारी बाई खुनाच्या तपासाची गोष्ट लिहिते म्हटल्यावर लोक आधी हसतील आणि मग भेटतील तेव्हा 'झाली का पूर्ण?' म्हणून विचारतील. त्यापेक्षा गुपचूप बरं.

सहा प्रकरणं झालीत. आज पहिलं वाचून दाखवलं.

आमचं वाचन कसं चालतं ते लिहून ठेवते. उल्हासनगरहून टेम्पो येतो आणि जीन्सचे गठ्ठे टाकून जातो. शिवलेल्या पँटींचे लोंबणारे धागे छोट्या कटरने कापायचे, एवढंच काम. आम्ही चौघी गोदूबाईंच्या पडवीत बसतो. गोदूबाई सत्तरीच्या, इथल्याच. घराच्या तिन्ही बाजूंना इमारती उठल्या तरी त्यांनी पडवी सोडली नाही. कौसाबाई संगमनेरकडच्या, माझ्याच वयाच्या. तेजल सगळ्यांत लहान, लग्न होऊन दोन वर्षं झालेली. मी ग्रंथालयातून पुस्तकं आणून मोठ्याने वाचते, आणि वाचताना हात चालत नाहीत म्हणून माझ्या वाटणीचे पीस त्या तिघी कापतात. नियमाला एक पोटकलम आहे. वाचन कंटाळवाणं झालं की माझे पीस न कापता माझ्यापुढे सरकवतात. तोंडाने कोणी काही बोलत नाही. पँटींचा ढीग बघून काय ते समजायचं.

त्यांना सांगितलं, की हे जुनं पुस्तक आहे, ग्रंथालय बाहेर नेऊ देत नाही, म्हणून मी वहीत उतरवून आणते. लेखक कोण म्हणून तेजलने विचारलं. म्हटलं, वारला. एका दमात दोन थापा.

गोष्ट १९४३ची. आज उल्हासनगर आहे तिथे तेव्हा लष्कराची छावणी. गोदामातला तांदूळ चोरीला जातो आणि रखवालदाराचा खून होतो. गोरा साहेब म्हणतो, आठ दिवसांत चोर द्या, नाहीतर गाव उठवतो. गावचा पोलीस पाटील दिनानाथ, घाटावरून पोटासाठी आलेल्या सुदाम नावाच्या हमालाच्या झोपडीत पोती सापडल्याचा खोटा पंचनामा करतो. ठाण्याहून आलेला तरुण फौजदार हा खोटेपणा उघडा पाडणार आहे. फौजदार माझा नायक, उंच आणि कोणापुढे न वाकणारा. पाटील खलनायक.

पाटलाला लिहिताना जास्त मजा येते, हे इथे कबूल करते.

९ जानेवारी, गुरुवार

पीस परत आले. सगळेच्या सगळे.

तिसऱ्या प्रकरणात फौजदार नदीकाठी उभा राहून न्यायावर दीड पान बोलतो. मला ते लिहिताना भरून आलं होतं. अर्ध्यावर पोचले तेव्हा कौसाबाईंनी पहिली पँट सरकवली, मग गोदूबाईंनी दोन, आणि तेजलने तर गठ्ठाच. मी दुपारी साडेचारपर्यंत एकटी धागे कापत बसले होते. तेजलने जाताना समजूत काढली. "काकी, सच्ची बोलू? तो फौजदार बोर आहे. पाटील कधी येणार परत?"

घरी येऊन भाषण चार ओळींवर आणलं. लेखक वारला असल्याचा एक फायदा आहे, त्याला वाईट वाटत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगुळाचं निमित्त करून जयदेवचा फोन. जयदेव माझा धाकटा भाऊ, अंबरनाथला राहतो, आमचे आबा त्याच्याकडे असतात. आबांना डिसेंबरात दुसरा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. डॉक्टर म्हणतात, तिसरा आला तर माणसं ओळखतील की नाही सांगता येत नाही. "ताई, त्याच्या आत एकदा येऊन जा. तुझं नाव घेतात." मी म्हटलं, कणीक भिजवायची आहे, ठेवते.

एकदा सगळं लिहून टाकते, म्हणजे पुन्हा लिहावं लागणार नाही.

आबांचं पेंडीचं दुकान पोलीस चौकीला लागून होतं. चौकीला पंच हवा असला की शेजारून आबांना हाक मारायचे. पुढे पुढे हाकही मारेनात, कोऱ्या कागदांवर पाच-दहा सह्या घेऊन ठेवायचे. आबांना त्यात मान वाटायचा. साहेब लोकांना आपली सही लागते, म्हणून सांगायचे. अशी वीस वर्षं गेली. २०१५ साली राजेंद्रच्या कंपनीतून तांब्याची तार चोरीला गेली. राजेंद्र म्हणजे माझे यजमान. समोर नाव घेत नाही, वहीत घेते. ते तिथलं, आनंदनगरचं स्टोअर सांभाळायचे. आमच्या घरात कोणी पाऊल टाकलेलं नसताना आमच्या माळ्यावर तार सापडल्याचा पंचनामा झाला, आणि खाली सही आबांची.

सही करताना त्यांना माहीत नव्हतं, हे मी मानते. पण कल्याणच्या कोर्टात वकिलाने त्यांना विचारलं, हा पंचनामा तुमच्यासमोर झाला का? 'नाही, मी कोऱ्या कागदावर सही केली होती,' एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. ते बोलले असते तर वीस वर्षांच्या सगळ्या सह्या उघड्या पडल्या असत्या. आबा म्हणाले, हो, माझ्यासमोर झाला. सासराच सांगतोय म्हटल्यावर पुढे कोण काय बोलणार. राजेंद्र चौदा महिने आत होते. मग दुसऱ्याच चोरीत पकडलेल्या टोळीने कबुली दिली आणि ते सुटले. त्याला नऊ वर्षं होत आली. कोर्टातल्या त्या दिवसानंतर मी आबांचं तोंड पाहिलेलं नाही आणि पाहणार नाही.

आणि हो, कादंबरीचा याच्याशी काही संबंध नाही. माझा पाटील गाव वाचवायला खोटं बोलतो. आबांनी स्वतःची अब्रू वाचवली. जमीन-अस्मानाचा फरक आहे.

१९ जानेवारी, रविवार

राजेंद्र सकाळीच शहाडला गेले, मित्राच्या घरी वायरिंग करून द्यायला. वर्ष झालं, दर रविवारी वायरिंग. घर आहे की वीजकेंद्र. पिशवीत दाढीच्या ब्लेडचं पाकीट दिसलं. वायर सोलायला घेतलं असेल.

२२ जानेवारी, बुधवार

मला एका गोष्टीचं खरंच कुतूहल वाटायला लागलं आहे. या तिघींना पाटील का आवडतो?

आवडतो म्हणजे त्याचं वागणं पटतं असं नाही. पण तो पानावर आला की कटर थांबतात. आज गोदूबाईंनी विचारलं, त्याच्या पायात काय असतं? मी म्हटलं, वहाणा, आणि तो त्या दाराबाहेर काढताना तोंड रस्त्याकडे करून ठेवतो, म्हणजे उठलं की सरळ चालू लागायचं. तो कागद वाचताना हात लांब करतो. भाकरीचा मोठा तुकडा कुत्र्याला घालतो आणि लहान स्वतः खातो. बैलाला 'साहेब' म्हणून हाक मारतो, आणि खऱ्या साहेबासमोर त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. हे सगळं मी मुद्दाम ठरवून लिहिलेलं नाही, लिहिताना येत गेलं. फौजदाराबद्दल विचाराल तर मला त्याच्या पायात काय असतं ते अजून माहीत नाही. बूट असणार.

ठरवलं आहे, की पाटलाला आणखी वाईट करायचं. बघू किती वाईट झाला तर त्यांचं मन उठतं.

२७ जानेवारी, सोमवार

त्याला पंचनाम्यासाठी साहेबाकडून बक्षीस म्हणून घड्याळ घ्यायला लावलं. तेजल म्हणाली, "बिचारा, आता त्याला दर तासाला आठवत बसेल." प्रयोग फसला.

३१ जानेवारी, शुक्रवार

आज साक्षीचं प्रकरण. पाटील कोर्टात उभा राहतो, सुदाम समोर पिंजऱ्यात, आणि पाटील शपथेवर सांगतो, पोती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. मी ते असं लिहिलं होतं, की आता तरी त्याला शिव्या पडाव्यात. वाचून झालं.  एकाही पँटीला हात लागला नव्हता, माझ्याही नाही आणि त्यांच्याही नाही.

मग गोदूबाई म्हणाल्या, "मना सांग, घरी गेल्यावं काय केलं त्यानं?"

ते मी लिहिलेलं नव्हतं. प्रकरण कोर्टातच संपतं. पण वहीत नजर घालून, लिहिलेलं असल्यासारखं मी बोलत गेले. तो घरी आला.  सुपात वाल घेऊन दाराशी बसला आणि निवडायला लागला. किडका दाणा बाजूला, चांगला बाजूला. सूप संपलं तसं सगळे एकत्र केले आणि परत पहिल्यापासून निवडायला घेतले. दिवेलागण झाली तरी तो निवडतच होता.

तेजलने ओढणीने नाक पुसलं. कौसाबाई एकदम उठल्या आणि चुलीवर चहा बघते म्हणून आत गेल्या. गोदूबाईंकडे चूल राहिलेली नाही, गॅस आहे.

हे वालाचं मला कुठून सुचलं, देव जाणे. पण सुचलं झकास. घरी येऊन उतरवून काढलं.

३ फेब्रुवारी, सोमवार

कौसाबाईंनी त्यांच्या वाट्याचे माझे पीस परत केले. बाकी दोघींनी कापले. अशी फूट आजवर कधी पडली नव्हती.

मी विचारलं, काय चुकलं? त्यांनी कटर खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तो सुदाम घाटावरचा हाय म्हणून त्याला धरला. गावातला असता तर धरला असता का? आम्ही बी तसेच आलो इथं, दोन भांडी आन एक वळकटी घेऊन." तेजल म्हणाली, मग पाटलाचा राग येतो ना, बरोबर आहे की. कौसाबाई म्हणाल्या, राग त्याचा नाही, माझाच आला आहे. त्या दिवशी तो वाल निवडत बसला तर मला वाटलं, कोणीतरी त्याला जेवायला वाढा. सुदाम तुरुंगात, आणि मी ह्याच्या जेवणाची चिंता करते. "आसं कसं वाटतंय मला, सांग की."

 पुस्तकातल्या माणसावर कौसाबाई चिडल्या होत्या, आणि त्याला जवळचा समजल्याशिवाय कोणी इतकं चिडत नाही. हा विचार मला फार आवडला. पुढे प्रस्तावना लिहिलीच तर त्यात घालीन.

९ फेब्रुवारी, रविवार

राजेंद्र शहाडहून शेवग्याच्या शेंगा घेऊन आले, मित्राच्या झाडाच्या म्हणे. कोवळ्या, आमच्या जयदेवच्या दारातल्या झाडाला लागतात तशाच. आमटी केली. शहाडला कोणाच्या दारात झाड लावण्याएवढी जागा उरली आहे, नशीबवान दिसतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

शेवट लिहायचा आहे आणि लिहिता येत नाही. फौजदार पाटलाला पकडायला त्याच्या दाराशी पोचला आहे आणि चार दिवस तसाच उभा आहे.

आज मी तिघींना विचारलं, लेखक शेवट काय करील असं वाटतं? कौसाबाई म्हणाल्या, शिक्षा व्हायलाच पाहिजे, पण कोणीतरी त्याला भेटायला जायला पाहिजे. तेजलचं म्हणणं, की त्याने स्वतःहून कबूल करावं. गोदूबाई धागा कापता कापता म्हणाल्या, "त्याला पोरगी हाय का?"

मी म्हटलं, नाही.

"आसल. लिवनाऱ्यानं लिवली नसल."

मी जरा तोडूनच बोलले, की लेखकाने लिहिली नाही म्हणजे नाही, गोष्टीत जे आहे तेच असतं. गोदूबाईंनी कापलेला धागा झटकला. मग म्हणाल्या, आसं कसं, वालाचं सूप कोनी आनून दिलं त्याला?

दिवसभर तेच डोक्यात. घरी येऊन मुलगी लिहून बघितली. ती दारात येते. तिथून पुढे सरकेना. आत येत नाही आणि जातही नाही. तीन वेळा लिहिलं, तीन वेळा फाडलं. बरोबरच आहे, मुलीची या गोष्टीत गरजच नाही. जयदेवचा फोन आला होता, घेतला नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

जसं घडलं तसं लिहिते. 

राजेंद्र दुपारी परत आले, हातपाय धुतले आणि माझ्यासमोर बसून म्हणाले, तुझी वही वाचली मी. रोजनिशी नव्हे, गोष्टीची. गेले दोन महिने वाचतोय, रात्री तू झोपलीस की. मी रागवायच्या तयारीत होते. ते म्हणाले, "ते वाल निवडायचं तू कसं लिहिलंस? आबा अजून निवडतात. आता एका हाताने."

मी विचारलं, तुम्हाला काय माहीत?

तेव्हा कळलं, की शहाडला मित्र नाही, वायरिंग नाही, काही नाही. आबांना गेल्या वर्षी पहिला झटका आल्यापासून राजेंद्र दर रविवारी अंबरनाथला जातात आणि आबांची दाढी करतात. जयदेवच्या हाताने कापतं म्हणून. नऊ वर्षं मी ज्याच्यासाठी माहेर तोडलं, तो माणूस माझ्या बापाच्या गालाला साबण लावतोय.

मी काहीबाही बोलले. सगळं लिहीत नाही. चौदा महिने विसरलात का, असंही बोलले. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, कोर्टातल्या दिवसाचं तुला एक सांगायचं राहिलंय. साक्ष झाली आणि तू तरातरा निघून गेलीस. मला व्हरांड्यात बाकावर बसवलं होतं, एका हाताला बेडी. आबा आले. हातात डबा. साक्षीला येताना घरून करून आणला होता, तुझी आई तर तेव्हा नव्हती, म्हणजे त्यांनीच केलेला. हवालदाराला विचारलं आणि डबा माझ्या मांडीवर ठेवला. मान खाली.

"भरलं वांगं होतं. मी खाल्लं, कीर्ती. सगळं खाल्लं. आदल्या दिवसापासून पोटात काही नव्हतं. त्यांनी आत जाऊन काय सांगितलं ते माहीत असून खाल्लं."

मी विचारलं, हे आजवर का नाही सांगितलंत?

"तुला सांगितलं असतं तर तू मलाही टाकलं असतंस," ते म्हणाले. हसत म्हणाले, पण ते खरं होतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पडवीत गेले नाही.  मला भयंकर राग आला आहे आणि तो कोणावर काढावा ते ठरत नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पडवीत जाऊन सांगून टाकलं, की लेखक वारलेला नाही, तो मीच. गोदूबाई म्हणाल्या, ठावं हाय, मेलेला मानूस एवडी खाडाखोड करत नाय. तेजल मात्र खरंच उडाली. मग आबांचंही सांगितलं, पेंडीच्या दुकानापासून डब्यापर्यंत. कौसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, त्या माझी बाजू घेतील. त्या म्हणाल्या, "पाटलाला वाढा म्हनलं ते मी परक्याला म्हनलं. तुझा तर बाप हाय." आणि मग म्हणाल्या, की मी तुझ्या जागी असते तर मीबी गेले नसते कदाचित, मला काय विचारू नको.

तिघींनी माझे पीस कापले. मी काहीच वाचलं नव्हतं.

काल जयदेवचा निरोप होता, आबांचं गिळणं कमी झालं आहे. डॉक्टर आता दिवस सांगायलाही तयार नाहीत.

मी एवढंच लिहिते, की मला भीती वाटते. त्यांनी मला ओळखलं नाही तर काय, ही एक. आणि ओळखलं तर काय, ही त्याहून मोठी.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज महाशिवरात्र. अंबरनाथला देवळाची जत्रा, स्टेशनपासूनच रस्ते बंद, रिक्षा मिळेना. चालत गेले. वाटेत दोनदा परत फिरायचा विचार आला, पण गर्दी सगळी एकाच बाजूला ढकलत होती, परत फिरणं जास्त अवघड होतं. राजेंद्रना म्हटलं होतं, तुम्ही येऊ नका.

जयदेवने दार उघडलं आणि बाजूला झाला. आबा खिडकीजवळच्या खाटेवर. मी त्यांना सत्तरीचे पाहिले होते, आता नुसती हाडं होती. दाढी मात्र गुळगुळीत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "बाय." लहानपणी म्हणायचे तसं. जीभ जड होती, पण शब्द स्पष्ट आला.

 नऊ वर्षं मनात जी भाषणं तयार केली होती त्यातलं एकही आठवेना. फौजदाराच्या भाषणासारखी सगळी लांबलचक होती. पिशवीत वही होती, ती काढली. म्हटलं, आबा, मी गोष्ट लिहिली आहे, वाचू? त्यांनी डाव्या हाताने खाटेवर थोपटलं, बस म्हणून.

कोणतं प्रकरण वाचायचं हे मी घरून ठरवून निघाले नव्हते. वही उघडली ती साक्षीच्या प्रकरणावर उघडली, का मी उघडली, आता सांगता येत नाही. सगळं वाचलं. पाटील उभा राहतो, शपथ घेतो, पोती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली असं सांगतो. वर न बघता वाचत गेले. त्यांना शिक्षा म्हणून वाचत होते की काय, तेही मला कळत नव्हतं. मग पाटील घरी जातो, वाल निवडत बसतो. तिथपर्यंत वाचून थांबले आणि वर पाहिलं.

मला वाटलं होतं, ते पाटलाबद्दल काही बोलतील. निदान तोंड फिरवतील. ते कपाळाला आठ्या घालून काहीतरी जुळवत होते. दोनदा शब्द अडला. जयदेव पुढे झाला, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं.

"बाय, तो सुदाम सुटला का?"

पडवीत दीड महिना वाचन चाललं. पाटलाच्या पायात काय, पाटलाला मूल आहे का, पाटील घरी जाऊन काय करतो, सगळं विचारून झालं. कौसाबाईसुद्धा सुदामसाठी भांडल्या त्या पाटलाच्याच रागाने. सुदाम पुढे सुटला का, हे कोणी विचारलं नाही. आणि मी ते लिहिलेलंच नाही. वहीत सुदाम पिंजऱ्यात उभा आहे तो अजून तिथेच उभा आहे. मी फौजदाराला घेऊन पाटलाच्या दारात जाऊन बसले.

मी म्हटलं, "सुटला, आबा. चौदा महिन्यांनी सुटला."

ते ऐकून त्यांनी डोळे मिटले. डोळ्यांच्या कडेने पाणी आलं, ते मी पदराने पुसलं. मग तसेच डोळे मिटून म्हणाले, "त्याला घ्यायला कोन गेलतं?"

 मी गेले नव्हते. सुटकेचा कागद एक दिवस आधीच आला होता आणि मला निरोप उशिरा मिळाला. राजेंद्र एकटेच तुरुंगाबाहेर आले आणि एकटेच घरी पोचले. मी दार उघडलं, ओवाळलं, आणि पहिल्याच तासाला आबांना शिव्या घालायला बसले. हे मला आज, त्या खाटेवर बसल्यावर आठवलं. मी आबांचा हात धरला आणि खरं ते सांगितलं. कोणी गेलं नव्हतं म्हणून सांगितलं. आबांनी हात सोडला नाही. जयदेवच्या बायकोने पेज आणली, ती मी चमच्याने भरवली. पाच चमचे गेले. मी मनसोक्त रडले. त्यांना माफ केलं का, असं मला कोणी विचारलं तर मला माहीत नाही. उद्या सकाळी पेज घेऊन परत जाणार, एवढं माहीत आहे.

संध्याकाळी घरी आले. राजेंद्र कंपनीतून येऊन कांदे चिरत बसले होते. आबा कसे आहेत ते विचारलं, मी सांगितलं. सुदामचं सांगितलं. मग मी त्यांच्यासमोर वही घेऊन बसले आणि म्हटलं, अहो, सुटलात त्या दिवशी तुरुंगाच्या दारातून बाहेर आल्यावर पहिलं काय केलंत?

त्यांनी सुरी खाली ठेवली. नऊ वर्षांत मी हा प्रश्न त्यांना विचारला नव्हता. माझ्याकडे पाहून ते म्हणाले, "नवीन पान घे. वेळ लागेल."